कांद्याच्या मुळात पेशीचक्र अडवून पाहताना : प्रकल्प नोंदी

५ जुलै

पुण्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात सूत्री विभाजनाच्या कायमस्वरूपी स्लाइड्स आहेत, पण रंग उडून त्या फिकट गुलाबी झाल्या आहेत. मुलं सूक्ष्मदर्शकात डोकावतात, काही कळत नाही, मग पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरवतात आणि पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी टप्प्यांची नावं घालून मोकळी होतात. पेशीचक्राचं, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या प्रवासाचं, नियंत्रण तर निव्वळ पाठांतराचा विषय होऊन बसलाय. सायक्लिन, काइनेज, तपासणी नाके ही सगळी नावं परीक्षेपुरती लक्षात राहतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अख्ख्या जीवशास्त्रात इतकं थरारक प्रकरण दुसरं नाही.

म्हणून या पावसाळ्यात ताज्या स्लाइड्स तर करायच्याच, शिवाय नियंत्रण डोळ्यांना दिसेल असं काही उभं करायचं. चक्र एका ठरावीक जागी अडवायचं आणि अडवल्यावर काय साचतं ते मोजायचं. सोबत प्रयोगशाळेचे मामा आणि अकरावीतली काही उत्साही मुलं आहेत. आपल्या शाळेत हेच करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी लिहितेय. खर्च आणि वाया गेलेला वेळही लिहीन.

आज कांदे लावले. वाण्याकडून आणलेल्या जाळीच्या पिशवीतले मोठे कांदे, काचेच्या ग्लासांवर टूथपिकच्या आधाराने, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असे.

९ जुलै

मुळं नाहीत. काही कांद्यांचं बूड बुळबुळीत झालं आणि प्रयोगशाळेत वास सुटला. दोन कारणं सापडली. पहिलं, बुडावरचा जुन्या वाळक्या मुळांचा थर आम्ही काढलाच नव्हता. तो ब्लेडने हलक्या हाताने खरवडून पांढरी चकती उघडी करावी लागते. मात्र चकतीत ब्लेड घुसलं की संपलं, कारण मुळांच्या कळ्या तिच्या कडेलाच असतात. दुसरं, पाणी रोज बदललं नव्हतं.

तिसरी शंका कांद्यावरच होती. कोंब फुटू नयेत म्हणून कांद्यावर गॅमा किरण सोडतात. त्यासाठी लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. किरणांची मात्रा माफक असते, कांदा खायला उत्तम राहतो, पण विभाजन पावणाऱ्या पेशी निकामी होतात. साठवणीसाठी हे वरदानच आहे, आपल्या कामाला मात्र असा कांदा निरुपयोगी. पिशवीबंद कांद्याच्या भानगडीत न पडता मामांनी मार्केट यार्डातून सुटी गोल्टी आणली. चाळीतला उन्हाळी कांदा, लिंबाएवढा. गोल्टी स्वस्त पडते आणि चहाच्या ग्लासवर टूथपिकशिवाय बसते.

१२ जुलै

गोल्टीला तिसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र, दोन-अडीच सेंटिमीटरची मुळं. खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास.

मुळं कापली की पेशी त्या क्षणी जशा आहेत तशा थिजवाव्या लागतात. त्यासाठी तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल, ऐन वेळी मिसळलेलं. शिळं मिश्रण चालत नाही, कारण अल्कोहोल आणि आम्ल यांचं हळूहळू एस्टर बनत जातं. शुद्ध इथाइल अल्कोहोल परवान्याशिवाय मिळत नाही आणि आमचा साठा संपलेला. म्हणून औषधांच्या दुकानातलं निर्जंतुकीकरणाचं ७० टक्केवालं आयसोप्रोपिल वापरून पाहिलं. अजिबात वापरू नका. त्यातल्या पाण्यामुळे केंद्रकं फुगून पुसट झाली आणि मुळांचा अख्खा घाणा फुकट गेला.

उपाय बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळाला. सर्किट बोर्ड पुसायला तिथे ९९ टक्के आयसोप्रोपिल मिळतं. अर्धा लिटर साधारण ३०० रुपयांना. त्याने केलेलं मिश्रण आमच्या कामाला पुरेपूर उतरलं. मुळं त्यात चोवीस तास ठेवायची, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये. अशी ती काही आठवडे टिकतात, त्यामुळे कापणी एका दिवशी आणि स्लाइड्स सवडीने करता येतात.

१५ जुलै

पहिल्या स्लाइड्स म्हणजे जांभळट गोळे. पेशींवर पेशी, चार-पाच थर, दहाच्या भिंगाखाली नुसता काळोख. अंगठा कितीही दाबला तरी पसरेनात, उलट कव्हरस्लिपा फुटल्या.

शेजारशेजारच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळल्याशिवाय हे जमणार नाही. त्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर मुळं ठेवायची. साधारण ९ मिली सांद्र आम्ल पाण्यात सावकाश ओतून एकूण १०० मिली करायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. ६० म्हणजे ६०च. थर्मामीटर न लावता ‘कोमट’ पाण्यात ठेवलेली मुळं तशीच ताठ राहिली. उकळत्या पाण्यात ठेवलेल्यांचा लगदा झाला, रंगही धरेना. आमच्याकडे सात मिनिटांना उत्तम जमलं. मूळ चिमट्याने उचलताना टोक किंचित लोंबकळलं की समजायचं, झालं.

नंतर पाण्याने धुऊन अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये अर्धा तास. रंग चढल्यावर शेवटचा दीड-दोन मिलिमीटरचा भाग बाकी मुळापेक्षा गडद दिसतो. विभाजन चालतं ते तिथे. तेवढंच ब्लेडने कापून स्लाइडवर घ्यायचं आणि उरलेलं निर्दयपणे टाकून द्यायचं. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून पाच मिलिमीटर घेतलं तर लांबट, वाढून थांबलेल्या पेशींचीच गर्दी होते.

रंग मात्र अजून फिका होता. तेव्हा मामांनी खणातून जुनी, थोडी गंजलेली लोखंडी सुई काढली.

“मॅडम, या नव्या सुया दिसायला चकचकीत, पण रंग चढतो तो ह्या सुईनेच. जुने सर हीच वापरायचे.”

रंगाच्या थेंबात टोक त्या सुईने कुस्करलं आणि बघता बघता लालसर रंग गडद जांभळा झाला. लोखंडाचा अंश कार्मिनला गुणसूत्रांवर पक्कं बसवतो. स्टेनलेस स्टीलची सुई हे काम करत नाही. मात्र सुई थेंबात फार वेळ राहिली तर काळा गाळ बसतो, तेव्हा पंधरा-वीस सेकंद पुरे.

मग कव्हरस्लिप, स्पिरिट दिव्यावरून दोन-तीनदा स्लाइड फिरवायची, हाताच्या पाठीला सोसवेल इतकीच गरम. बुडबुडे आले तर ती स्लाइड गेली. टीपकागदाच्या घडीत ठेवून पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलके ठोके, नंतर अंगठ्याने सरळ खाली दाब. दाबताना कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशींच्या सुरळ्या होतात. मुलांना हीच पायरी सर्वांत अवघड गेली.

संध्याकाळी चाळीसच्या भिंगाखाली पहिली स्वच्छ पश्चावस्था दिसली. गुणसूत्रांचे दोन संच दोन टोकांकडे निघालेले, मागे लोंबणाऱ्या भुजांसकट. सगळी मुलं एका सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा झाली. त्या दिवशी घरी जायला कुणालाच घाई नव्हती.

१९ जुलै

मोजणी. विभाजनात असलेल्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले शंभर. याला विभाजन निर्देशांक म्हणतात.

एकच स्लाइड दोन मुलींना वेगवेगळी मोजायला दिली. एकीच्या पूर्वावस्था दुसरीच्या जवळजवळ दुप्पट! विभाजनाची तयारी करणारं केंद्रक आणि पूर्वावस्थेतलं केंद्रक यांच्यातली सीमा धूसर असते. नियम आधीच ठरवावा लागतो: धागे सुटे सुटे ओळखू आले तरच पूर्वावस्था, नुसतं दाणेदार केंद्रक असेल तर आंतरावस्था, म्हणजे दोन विभाजनांमधला काळ. हा नियम लिहून सूक्ष्मदर्शकाशेजारी चिकटवला. त्यानंतर आकडे जुळू लागले, हजार पेशींत विभाजनातल्या नव्वदीच्या आसपास. त्यांत सर्वांत जास्त पूर्वावस्था, सर्वांत कमी पश्चावस्था.

मुलांना इथे थांबवून विचारलं की पश्चावस्थाच इतक्या कमी का. उत्तर त्यांनीच काढलं: ती लवकर उरकते म्हणून. स्लाइड थिजलेली असली तरी तिच्यात वेळ असा वाचता येतो. आणि उरलेल्या नव्वद टक्के ‘स्वस्थ’ पेशी मुळीच स्वस्थ नसतात. हॉवर्ड आणि पेल्क यांनी १९५३ मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस वापरून दाखवलं की डीएनएची प्रत आंतरावस्थेच्या मधल्याच एका टप्प्यात तयार होते. जी-वन (प्रत होण्याआधीचा), एस (प्रत होते तो), जी-टू (प्रत झाल्यानंतरचा) हे विभाग तिथून आले. तो प्रयोगही मुळांच्या टोकांवरचाच होता, फक्त कांद्याऐवजी घेवड्याच्या कुळातल्या बाकल्याच्या.

मुळं सकाळी आठ ते दहामध्येच कापावीत असं प्रात्यक्षिक पुस्तिकेत असतं. सकाळची आणि दुपारी चारची मुळं ताडून पाहिली. आमच्या खोलीत फारसा फरक पडला नाही. दुपारचे वर्ग असलेल्यांनी निराश होऊ नये.

२५ जुलै

आता चक्र अडवायचं. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कुतंतू बनू दिले नाहीत तर पेशी मध्यावस्थेत अडकते. त्यासाठी पहिलं नाव कोल्चिसिनचं निघालं, आणि एका मुलाने विचारलं की सिंहगडाच्या वाटेवर कळलावी फुलते, तिच्यातच ना ते? बरोबर, कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. पण ते जहाल विष आहे. अकरावीच्या मुलांच्या हाती ना कंद द्यायचा ना पावडर. कंद उकरून आणू नका, हे सगळ्यांना बजावलं.

मग थंडीचा प्रयोग. तर्कुतंतू ज्या सूक्ष्मनलिकांचे बनतात त्या गारठ्यात विस्कटतात. मुळांसकट कांदे रात्रभर घरगुती फ्रिजमध्ये ठेवले, पण सगळंच मंदावलं आणि मध्यावस्था काही साचल्या नाहीत. फ्रिजचा गारवा पुरत नाही. बर्फाच्या चुऱ्यात ठेवावं तर रात्रीत बर्फ वितळतो. हा नाद सोडला.

पॅराडायक्लोरोबेंझिन हा जुना, खात्रीचा मार्ग. डांबराच्या गोळ्या त्याच्याच असतात असं ऐकून दुकानातून गोळ्या आणल्या. परिणाम शून्य. त्या नॅप्थलीनच्या निघाल्या. ओळखायची सोपी युक्ती आहे: पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं आणि गोळी टाकायची. नॅप्थलीन तरंगतं, पॅराडायक्लोरोबेंझिन बुडतं. स्वच्छतागृहात ठेवायची वडी बुडाली खरी, पण तिच्यात रंग आणि अत्तर मिसळलेलं. शेवटी रविवार पेठेतल्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणलं, ४०० रुपये. या शोधाशोधीत आठवडा गेला. गोळ्यांच्या नादी न लागता पहिल्यापासून हेच घ्या.

२ ऑगस्ट

पॅराडायक्लोरोबेंझिन कोमट पाण्यात टाकून बाटली खूप हलवायची आणि रात्रभर ठेवायची. तळाशी खडे उरले म्हणजे द्रावण संपृक्त झालं. वरचं निवळ पाणी घेऊन त्यात जिवंत मुळं तीन तास. खिडक्या उघड्या, कारण वास डोक्यात जातो. जास्त परिणामासाठी एक ग्लास रात्रभर ठेवला होता, त्यातली गुणसूत्रं चिकटून ढेकळं झाली. तीन तास, पुढे नाही.

या स्लाइड्स पाहताना मी स्वतः कितीतरी वेळ भिंगावरून उठले नाही. पश्चावस्था जवळजवळ नाहीशी आणि मध्यावस्थांची नुसती रेलचेल. गुणसूत्रं आखूड, जाड, पेशीभर विखुरलेली. प्रत्येकाच्या दोन जुळ्या प्रतींच्या भुजा सुटलेल्या, पण प्रती गुणसूत्रबिंदूशी अजून घट्ट जोडलेल्या. एका पेशीत सोळाच्या सोळा सुटी मोजता आली. कांद्याची गुणसूत्रं सोळा, हे मुलांनी पुस्तकात वाचलेलं होतं. आज बोट ठेवून मोजलं.

नियंत्रण इथे पहिल्यांदा नजरेला पडतं. तर्कुतंतू नाहीत, म्हणून गुणसूत्रं ओढली जात नाहीत, हे अर्धं उत्तर झालं. पेशी थांबून राहते, हे महत्त्वाचं. एक जरी गुणसूत्र तंतूला जोडलं गेलं नसेल तरी ‘थांबा’ असा संदेश निघत राहतो आणि प्रतींची जोड तोडणारं विकर मोकळं सोडलं जात नाही. या नाक्यावरची मॅड आणि बब ही जनुकं १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडली. मुलांच्या वहीतला ‘तपासणी नाका’ हा शब्द आज त्यांच्या डोळ्यांसमोर गर्दी करून उभा होता.

१० ऑगस्ट

ज्यासाठी सगळा खटाटोप होता, तो भाग आता सुरू. कॅफिन.

वनस्पती पेशीत केंद्रकाचं विभाजन झालं की मधोमध नवी भिंत उभी राहते. कॅफिन ती भिंत पुरी होऊ देत नाही. केंद्रकं दोन होतात, पेशी एकच राहते. स्पेनमधल्या गिमेनेस-मार्तीन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये याचा उपयोग पेशींवर खूण करण्यासाठी केला. तासभर कॅफिन दिलं तर त्या तासात अंत्यावस्थेतून जाणाऱ्या पेशीच दोन केंद्रकांच्या होतात. मग त्या पुढे काय करतात यावर पाळत ठेवता येते.

कॅफिनऐवजी कडक इन्स्टंट कॉफी चालेल का, हा मुलांचा आग्रह. केली. मुळं तपकिरी झाली, स्लाइडवर सगळीकडे गढूळ रंग, भिंत आहे की नाही तेच कळेना. शुद्ध कॅफिन मागवलं, सुमारे ७०० रुपये, खर्चातली सर्वांत मोठी रक्कम. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम. ही पावडर साधी समजू नका. चमचाभर पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. वजन मी स्वतः केलं, हातमोजे आणि मास्क लावून, आणि बाटली कुलपात ठेवली.

एक तुकडी चुकून रात्रभर कॅफिनमध्ये राहिली. सकाळी मुळं वाढायची थांबलेली आणि पेशींची पार दुर्दशा. तासाभरात बाहेर काढून तीन-चार वेळा ताजं पाणी बदलायलाच हवं.

तासाभराच्या तुकडीत हवं ते मिळालं. इकडेतिकडे दोन-दोन केंद्रकांच्या पेशी, मधे भिंत नाही. सहा आणि आठ तासांनी कापलेल्या मुळांत मात्र दोन्ही केंद्रकं शांत. वेळ चुकलेली, अजून थांबायला हवं होतं.

१७ ऑगस्ट

वेळापत्रक उलटं मांडलं. संध्याकाळी सहाला कॅफिन, सातला धुणं, ग्लास स्वच्छ पाण्यावर आणि सकाळी सहापासून दर तासाला मुळं कापायची. सकाळची पाळी मामांनी आपणहून घेतली.

बाराव्या-तेराव्या तासाच्या मुळांत काही जोड्या पूर्वावस्थेत. चौदाव्या तासाच्या स्लाइडवर एका मुलीने हाक मारली, “मॅडम, हिच्यात दोन मध्यावस्था आहेत!” खरंच होत्या. एकाच चौकटीत गुणसूत्रांचे दोन पट्टे, शेजारी शेजारी, दोन्ही नेमके एकाच टप्प्यावर. मग आम्ही शोधतच सुटलो. एक केंद्रक पूर्वावस्थेत तर दुसरंही पूर्वावस्थेत. एक पश्चावस्थेत तर दुसरंही. थोडं पुढेमागे असलेल्या जोड्या आढळल्या, पण एक विभाजनात आणि दुसरं अगदी शांत अशी जोडी आम्हाला दिसली नाही. आजूबाजूच्या एक केंद्रकी पेशी मात्र वाटेल त्या टप्प्यावर.

मुलांना प्रश्न इतकाच टाकला: या दोघांना एकाच वेळी कोण सांगतंय? भिंतीपलीकडच्या पेशीला ते ऐकू येत नाही, एका पेशीतल्या दोघांना येतं. म्हणजे सांगणारं जे काही आहे ते दोघांच्या सामाईक पेशीद्रव्यात आहे. हे त्यांनी आपल्या तोंडाने म्हटलं, मी नाही.

त्यानंतरच राव आणि जॉन्सन यांच्याबद्दल सांगितलं. पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० मध्ये माणसाच्या हेला पेशी एकमेकींत मिसळल्या. जी-वनमधली पेशी एसमधल्या पेशीशी जोडली तर मागे असलेलं केंद्रक वेळेआधी डीएनएची प्रत करू लागलं. विभाजनातल्या पेशीशी जोडली तर आंतरावस्थेतल्या केंद्रकाची गुणसूत्रं अवेळीच आखडली. सांगावा द्रव्यातूनच जातो. हा सांगावा म्हणजे कोणतं प्रथिन, ते पुढे उलगडलं. टिम हंट यांना १९८२ मध्ये सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत दर विभाजनाला साचणारं आणि नाहीसं होणारं प्रथिन दिसलं, ते सायक्लिन. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टमधून चक्र चालवणारी जनुकं काढली. १९८७ मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेत यीस्टचा बिघडलेला जनुक माणसाच्या जनुकाने भरून निघाला. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. यीस्ट, अर्चिन, माणूस आणि हा आमचा गोल्टी कांदा, सगळ्यांत मूळ यंत्रणा तीच. हे सगळं मी दरवर्षी सांगते, पण या वेळी मुलांचे प्रश्न माझ्या पुढे धावत होते. दोन गुणांचा प्रश्न म्हणून कुणी वही बंद केली नाही.

२३ ऑगस्ट

हिशेब. आयसोप्रोपिल, अ‍ॅसिटिक आम्ल, रंग, स्लाइड्स, कव्हरस्लिपा, पॅराडायक्लोरोबेंझिन, कॅफिन मिळून अडीच हजारांच्या आत. गोल्टीचा खर्च मोजण्याइतकाही नाही. कॅफिन आणि पॅराडायक्लोरोबेंझिन कित्येक वर्षं पुरेल, दोन-तीन शाळांनी मिळून घेतलं तर आणखी स्वस्त. वाट्याला द्यायची झाली तर पावडर नको, तयार द्रावण द्या.

कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या तर स्लाइड आठवडाभर नीट राहते, पुढे कडेने वाळू लागते. त्यामुळे चांगल्या पेशींचे फोटो त्याच दिवशी घ्या. मोबाइलचा कॅमेरा भिंगावर हाताने धरला की हलतो. मामांनी पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून बसवलाय, तो नेत्रिकेवर घट्ट बसतो.

एक इशारा. बारा ते चौदा तासांचा हिशेब २५ अंशांचा आहे. पुण्यात डिसेंबरात रात्री पारा बारा-तेरावर येतो आणि गारठ्यात पेशीचक्र बरंच लांबतं. त्या दिवसांत हेच वेळापत्रक धरलं तर सकाळी सगळी केंद्रकं शांत दिसतील. म्हणून हिवाळ्यात दोन तुकड्या करणार आहोत. एक थर्मोकोलच्या पेटीत, फिशटँकच्या हीटरने २५ अंशांवर ठेवलेली, आणि एक उघड्यावर. कॅफिन दोन्हींना संध्याकाळी सहालाच, पण उघड्यावरच्या तुकडीची मुळं दुसऱ्या दिवशी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत दर दोन तासांनी कापायची आणि प्रत्येक कापणीला ग्लासातल्या पाण्याचं तापमान टिपायचं.